पुढचे ठाऊक नसलेला कवी

१६७३ च्या उन्हाळ्याच्या तोंडी प्रतापराव गुजरांनी उमराणीपाशी बहलोलखानाच्या फौजेची पाण्याची वाट अडवली. जयराम पिंड्ये या कवीने आपल्या ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ या संस्कृत काव्याच्या शेवटाकडे हा विजय गायला आहे. ते वर्णन वाचताना मला दर वेळी एकच गोष्ट जाणवते. या कवीला नेसरी ठाऊक नाही. दहा महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १६७४ ला, हाच सरनोबत याच बहलोलखानावर मोजके स्वार घेऊन तुटून पडणार आहे आणि परत येणार नाही, याची पुसटशी कल्पनाही त्याला नाही. आपल्याला आहे. कृष्णाजी अनंत सभासदाला होती. त्याच्यानंतरच्या प्रत्येक बखरकाराला, शाहिराला, नाटककाराला होती. म्हणून उमराणी सांगताना आपला सगळ्यांचा आवाज आपोआप उतरतो, पुढच्या शोकाची तयारी करू लागतो. जयरामाचा उतरत नाही.

समकालीन कविता इतिहासाला जे देते त्याचे मोल या अज्ञानात आहे, असे माझे मत आहे. कवी अतिशयोक्ती करतो, मोठ्यांची स्तुती करतो, आकडे फुगवतो, देवांना रणात उतरवतो. हे सगळे मान्य. पण पुढे काय होणार हे माहीत नसताना तो बोलतो, आणि ती गोष्ट नंतरच्या कितीही प्रामाणिक गद्यलेखकाला पुन्हा साधत नाही. सभासदाने १६९४ च्या सुमारास जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिले तेव्हा शिवाजी महाराजांना जाऊन चौदा वर्षे झाली होती, संभाजी महाराजांची हत्या झाली होती आणि मोगल दक्षिणेत ठाण मांडून बसले होते. त्याच्या प्रत्येक वाक्यावर त्या वर्षांची सावली आहे. ती त्याची लबाडी नव्हे. शेवट माहीत असलेला माणूस आधीच्या घटना शेवटाकडे तोंड करूनच मांडतो.

हा मुद्दा नीट पटवायचा तर आपल्या मुलखापासून थोडे लांब जावे लागेल. जिथे दप्तर नाही, पत्रे नाहीत, शकावल्या नाहीत, फक्त जुनी गाणी आणि नंतरचे गद्य एवढेच हाती आहे, असा एक देश बघावा लागेल. प्राचीन इस्राएल हा तसा देश आहे.

इस्राएल हे नाव इतिहासात पहिल्यांदा येते ते शत्रूच्या तोंडून. इजिप्तचा फारो मेर्नेप्ताह याच्या विजयलेखात, इसवी सनापूर्वी १२०८ च्या सुमारास, पराभूतांच्या यादीत ते कोरलेले आहे. हा दगड फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६ मध्ये थीब्झला सापडला. त्यानंतर साडेतीनशे वर्षे बाहेरच्या कोणत्याही लेखात या लोकांचे नाव खात्रीने सापडत नाही. या रिकाम्या काळाबद्दल बायबलमध्ये भरपूर गद्य आहे, पण ते कित्येक शतकांनी, राजे होऊन गेल्यावर, राज्ये बुडाल्यावर आजच्या रूपाला आले. मात्र त्या गद्यातच मध्ये मध्ये काही गीते बसवलेली आहेत आणि त्यांची भाषा भोवतालच्या गद्यापेक्षा जुनी दिसते. १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर रास शम्रा इथे युगारित नगरीच्या मातीच्या पाट्या निघू लागल्या. त्यांतली काव्यरचना, क्रियापदांची रूपे, एकच गोष्ट दोन चरणांत दोनदा सांगण्याची रीत हे सारे या गीतांशी जुळते, असे अभ्यासकांच्या लक्षात आले. विल्यम ऑल्ब्राइट आणि त्यांचे शिष्य फ्रँक मूर क्रॉस व डेव्हिड नोएल फ्रीडमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर याच आधारे मांडले की ही गीते इस्राएलच्या आरंभकाळाची सर्वांत जवळची साक्ष आहेत.

आपल्याकडे ही गीते परकी नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली आणि गायली. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले आणि त्या कामातच त्यांचे अखेरचे दिवस गेले. दबोरेचे गीत रमाबाईंनी हिब्रूत वाचले असणार, ही कल्पना मला फार आवडते.

त्या दबोरेच्या गीताकडेच येतो. ‘शास्ते’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक लढाई गद्यात सांगितली आहे आणि पाचव्यात तीच पद्यात. कनानी सेनापती सीसरा रथांचे दळ घेऊन येतो, दबोरा ही संदेष्टी आणि बाराक हा सरदार डोंगरी लोकांना गोळा करतात, सीसराचा मोड होतो, तो पळत याएल नावाच्या बाईच्या तंबूपाशी पोचतो आणि ती त्याला ठार करते. दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचले की फरक दिसू लागतात. गद्यात नफताली आणि जबुलून या दोनच वंशांची दहा हजार माणसे आहेत. गीतात सहा वंश येतात: एफ्राईम, बन्यामीन, माखीर, जबुलून, इस्साखार, नफताली. आणि चार येत नाहीत. रऊबेन आपल्या मेंढवाड्यांत विचार करत बसला, गिलाद नदीपलीकडेच राहिला, दान गलबतांपाशी थांबला, आशेर किनाऱ्यावरून हलला नाही, अशी नावानिशी टोचणी आहे. मेरोज नावाच्या एका गावाला तर शाप दिला आहे. हे मेरोज कुठे होते हे आज कोणालाही सांगता येत नाही.

ही हजेरी खोटी रचण्याचे कारण काय? न आलेल्यांना नाव घेऊन दूषण देण्याला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा ऐकणाऱ्यांत त्यांचे भाऊबंद बसलेले असतात. शंभर वर्षांनी मेंढवाड्यांवरून रऊबेनची कानउघाडणी करून कोणाला काय मिळणार? त्याहून बोलके आहे ते या यादीत नसलेले नाव. यहूदाचा उल्लेख नाही. तो आला म्हणून कौतुक नाही, आला नाही म्हणून राग नाही. पुढे दावीद याच यहूदा वंशात जन्मला, यरुशलेम राजधानी झाली आणि बायबलचे पुष्कळसे गद्य यहूदाच्याच चष्म्यातून लिहिले गेले. नंतरच्या कोणाला इस्राएलच्या वंशांची यादी करताना यहूदा विसरणे शक्य नव्हते. गीत रचणाऱ्याला तो यादीत असायला हवा असे वाटलेच नाही. म्हणजे इस्राएल ही उत्तरेकडच्या डोंगरी टोळ्यांची सैलसर एकी होती, तिला राजा नव्हता, हाकेला ओ देणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते आणि दक्षिणेचा यहूदा अजून त्या वर्तुळात नव्हता. एवढा इतिहास या गीतातून निघतो. कवीने तो सांगायचे ठरवले नव्हते. त्याला फक्त कालची लढाई गायची होती.

शेवटचा प्रसंग तर फारच शिकवणारा आहे. गीतात सीसरा पाणी मागतो, याएल दूध देते, मग एका हाताने मेख आणि उजव्या हाताने हातोडा घेते आणि तो तिच्या पायांशी वाकतो, कोसळतो. उभा माणूस कोसळावा तसा. गद्यात मात्र सीसरा दमून पांघरुणाखाली झोपला आहे, ती पाऊल न वाजवता येते आणि मेख त्याच्या कानशिलातून जमिनीत ठोकते. बारूख हॅल्पर्न या अभ्यासकाने १९८८ मध्ये ‘द फर्स्ट हिस्टोरियन्स’ या पुस्तकात दाखवून दिले की गद्यलेखकासमोर बहुधा हेच गीत होते आणि त्यातून त्याने घटनाक्रम बसवला. एक गोष्ट दोन चरणांत दोन शब्दांनी सांगण्याची कवितेची रीत आहे. मेख आणि हातोडा ही एकाच घावाची दोन वर्णने असू शकतात. गद्य लिहिणाऱ्याने ती दोन वेगळी हत्यारे धरली. मग उभ्या माणसाच्या डोक्यात मेख कशी ठोकणार, ही अडचण आली, म्हणून त्याला निजवले. हे सगळे पटो वा न पटो, एक गोष्ट मात्र ध्यानात येते. गद्य दिसायला जास्त तपशीलवार आणि शहाणे असते म्हणून जास्त खरे असतेच असे नाही. पुष्कळदा ते कवितेचे भाष्य असते आणि भाष्यकाराच्या गैरसमजासह आपल्यापर्यंत येते.

याच्या उलट परीक्षाही आहे आणि तीही तितकीच महत्त्वाची. ‘निर्गम’ पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातले समुद्रगीत भाषेने जुने आहे. फारोचे रथ आणि स्वार समुद्रात शिशासारखे बुडाले, असे ते सांगते. समुद्र दुभंगून दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि लोक मधून कोरड्या पायांनी चालत गेले, ही सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट आधीच्या गद्य अध्यायात आहे. गीतात फारोचे बुडणेच मध्यभागी आहे. इथवर कविता पुन्हा जास्त साधी आणि जास्त जुनी ठरते. पण त्याच गीतात पुढे ही वार्ता ऐकून पलेशेथचे रहिवासी कापू लागले असे आहे. पलेशेथ म्हणजे पलिष्ट्यांचा मुलूख, आणि पलिष्टी लोक त्या किनाऱ्यावर स्थिरावले ते इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात, रामसेस तिसरा याच्या काळानंतर. कवीला ते शेजारी म्हणून ठाऊक आहेत. म्हणजे गीत कितीही जुने असले तरी मोशेच्या ओठचे नव्हे. जे ठाऊक नसायला हवे ते कवीला ठाऊक असले की त्याचे वय कळते. जे ठाऊक असायला हवे ते ठाऊक नसले की त्याची साक्ष वजनदार होते. जुन्या कवितेला लावायची ही कसोटी मी या गीतांवरून शिकलो आणि आपल्या पोवाड्यांना ती लावून बघावी असे मला वाटते.

पद्य जुने राहते आणि गद्य बदलत जाते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. कोल्हापूर ही शाहिरांची भूमी. लहरी हैदर, पिराजीराव सरनाईक यांच्या डफावर इथल्या पिढ्या वाढल्या. शिवजयंतीला आमच्या कळंब्याच्या बाजूलाही मंडप पडतात आणि शाहीर उभा राहतो. तो चौक म्हणतो, झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात, तुणतुणे चालूच असते. मग तो हाताने डफ दाबून थांबतो आणि गद्यात सांगायला लागतो. त्या गद्यात समोरच्या आमदाराचे नाव येते, गेल्या महिन्यातली बातमी येते, पोरांना दोन बोल सुनावणे येते. पुन्हा डफावर थाप पडते आणि चौक सुरू होतो, तो गुरूने सांगितला तसा. चालीत बसलेला शब्द सहसा हलत नाही, मधले बोलणे दर रात्री नवे होते. ‘शास्ते’ पुस्तकाच्या चौथ्या आणि पाचव्या अध्यायांचे नाते मला याच मंडपात समजले.

अर्थात आपल्या जुन्या पोवाड्यांची रचना पेशवाईतल्या राम जोशी, होनाजी, प्रभाकर यांच्यासारखी घट्ट नाही. शिवकाळाशी जोडले गेलेले पोवाडे सैल, बोलल्यासारखे, गद्याच्या अंगाने जाणारे आहेत. अशा सैल चौकात एखादी ओळ आत शिरली तर ताल बिघडत नाही. म्हणून त्यांच्याबाबत जास्त सावध राहावे लागते. १८९१ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ऑक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह छापला. वडाळ्याचे कुष्ठरुग्णालय आजही त्याच ऑक्वर्थच्या नावाने ओळखले जाते. गोंधळ्यांच्या तोंडून आणि बाडांतून मजकूर गोळा करणाऱ्या या दोघांचे, आणि त्यांच्यानंतर आयुष्य वेचून पोवाडे संपादणाऱ्या य. न. केळकरांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. पण त्यांनी जमवलेले सगळे एकाच तराजूत घालता येत नाही.

अफजलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा घ्या. काही ठिकाणी कवीचे नाव अग्निदास असेही येते. जिजाबाईंच्या सांगण्यावरून तो गायला आणि कवीला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, असे पोवाडाच सांगतो. त्यात महाराजांच्या हाती बिचवा आणि वाघनख आहे. सभासदाकडेही ही दोन्ही हत्यारे आहेत. आता कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ उघडा. तेही समकालीन, तेही महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेले. त्यात वाघनख नाही. तिथे राजा कृपाण चालवतो. दोन कवी, दोघेही जवळचे, आणि हत्यार वेगळे.

यावर एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवण्याची घाई होते. मला वाटते, आधी ऐकणारे कोण होते ते बघावे. परमानंद महाकाव्य लिहितो आहे. काशीच्या पंडितांना कथा सांगण्याची त्याची मांडणी आहे आणि त्याचा नायक विष्णूचा अंश आहे. अशा नायकाच्या मुठीत लपवलेली नखे शोभत नाहीत. गोंधळ्याच्या श्रोत्यांना नेमके तेच हवे असते: बलाढ्याला युक्तीने गाठणारा आपला राजा. हत्यार काव्यप्रकाराने निवडले असण्याची शक्यता दोन्हीकडे आहे. म्हणून वाघनखांच्या प्रश्नावर मी कोणत्याच कवीला शेवटचा शब्द देणार नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ मध्ये साताऱ्याला आलेल्या वाघनखांबद्दलही त्या संग्रहालयाने स्वतःच म्हटले आहे की ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आलेली नाही.

पण त्याच ‘शिवभारता’त महाराजांबरोबर प्रतापगडाखाली उतरलेल्या दहा जणांची नावे आहेत: संभाजी कावजी, काताजी इंगळे, कोंडाजी कंक, येसाजी कंक, कृष्णाजी गायकवाड, सुरजी काटके, जिवा महाला, विसाजी मुरुंबक, संभाजी करवर आणि इब्राहिम सिद्दी. इथे मी थांबतो आणि विश्वास ठेवतो. महाकाव्याला या नावांची गरज नव्हती. मावळातली ही रांगडी नावे संस्कृत वृत्तात बसवणे सोपेही नसते. त्यांतले पुष्कळजण पुढे प्रसिद्ध झाले नाहीत, म्हणजे नंतर कोणी त्यांना मोठेपणासाठी आत घुसवले म्हणावे तर तसेही नाही. आणि एक सिद्दी इब्राहिम आहे, ज्याला कोणत्याही नंतरच्या सोयीसाठी या यादीत घालण्याचे कारण नव्हते. काव्य रचले गेले तेव्हा यांतले काही जिवंत होते, त्यांची घरे होती, ती ऐकत होती. दबोरेच्या गीतातल्या हजेरीला जे बळ आहे तेच या हजेरीला आहे. आज कोणाचे नाव घ्यायचे आणि कोणाचे गाळायचे यावरून भांडणाऱ्यांनी ही दहा नावे एकदा मोठ्याने वाचावीत, असे मला फार मनापासून वाटते.

तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्याबद्दल माझे मत वेगळे आहे आणि ते लोकांना आवडत नाही हे मला माहीत आहे. सारीपाट, रायबाचे लग्न, ऐंशी वर्षांचा शेलारमामा, यशवंती घोरपड, हे सारे आपल्या रक्तात आहे. घटनेनंतर पंचवीस वर्षांनी लिहिणाऱ्या सभासदाकडे यांपैकी काही नाही. त्याच्याकडे तानाजी आहे, रात्रीचा कडा आहे, उदेभान आहे, सूर्याजी आहे. घोरपड नाही. इथे गद्य साधे आहे आणि पद्य भरगच्च, म्हणजे दबोरेच्या अगदी उलट. आज आपल्या हाती असलेल्या रूपात हा पोवाडा गोंधळ्यांच्या कित्येक पिढ्यांनी घडवलेला वाटतो. किल्ल्याचे सिंहगड हे नावही तानाजीच्या मरणाने पडले असे आपण सांगतो, पण १६७० च्या आधीच्या पत्रातही ते येते. असे असूनही पोवाडा टाकाऊ नाही. तो १६७० च्या रात्रीबद्दल कमी सांगतो आणि मावळातल्या माणसांनी ती रात्र पुढे कशी जपली याबद्दल खूप सांगतो: घरचे लग्न मोडून निघालेला सुभेदार, आईचा शब्द न मोडणारा राजा, कडा चढायला मदत करणारे मुके जनावर. शेतकऱ्याच्या घरात ज्याला मोल आहे त्याच गोष्टी त्यात मोठ्या झाल्या आहेत. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी राजांचा पोवाडा लिहिला, त्याला सतराव्या शतकाचे साधन कोणी म्हणणार नाही. पण एकोणिसाव्या शतकात कुणब्याला आपला राजा परत मागावासा का वाटला, हे समजून घ्यायला त्याच्याइतके चांगले साधन नाही. प्रत्येक कविता कोणत्या तरी काळाची साक्ष देतेच. तो काळ तिच्या विषयाचा की तिच्या जन्माचा, एवढे ठरवावे लागते.

नेसरीचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले. आज सात मराठे वीर म्हटले की मराठी माणसाच्या मनात कुसुमाग्रजांची कविता आणि तिचे गाणे वाजू लागते. विसाव्या शतकातली ती कविता सतराव्या शतकाचा पुरावा नव्हे. तरीही सात हा आकडा कवीच्या कल्पनेतून आलेला नाही. घटनेनंतर काही आठवड्यांतच इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी याने लिहिलेल्या पत्रात प्रतापराव दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत सहा स्वारांसह मारले गेले, बाकीच्या फौजेची कुमक पोचली नाही, असे आहे. शेणव्याला गाणे रचायचे नव्हते. पण त्याने त्या सहांची नावेही दिली नाहीत. इथे एखादा जयराम असता तर? उमराणी गाणारा कवी नेसरीला गायला असता, तर ती सहा नावे आज आपल्याकडे असती, असे मला राहून राहून वाटते. कागदाने संख्या जपली, नावे जपायला कविता हवी होती.

याच ठिकाणी कागदाचेच पूजक असलेल्या इतिहासकारांशी माझा वाद आहे. वि. का. राजवाड्यांनी बखरींची जी झाडाझडती घेतली ती आवश्यक होती. अस्सल पत्राचा एक चिटोरा ढीगभर दंतकथांना भारी पडतो, ही शिस्त त्यांनी लावली नसती तर आपण आजही चिटणिशी बखरीवरच विसंबून राहिलो असतो. पण त्याच राजवाड्यांनी १९२२ मध्ये याच जयराम पिंड्येचे ‘राधामाधवविलासचंपू’ छापले आणि त्याला दीर्घ प्रस्तावना लिहिली. शहाजीराजांच्या दरबारात कोण येत होते, किती भाषांत काव्ये म्हटली जात होती, तो दरबार स्वतःला काय समजत होता, हे त्यांना कोणत्याही महजरात किंवा आज्ञापत्रात मिळाले नसते. ते त्यांनी कवितेतून काढले. त्यांच्या अनुयायांनी शिस्त घेतली, ही नजर मात्र कमी घेतली.

विरुद्ध बाजूने एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. जुनी भाषा मुद्दाम वापरता येते. आजचा शाहीरही शिवकालीन वळणाचा चौक बांधू शकतो. दबोरेच्या गीतालाही काही अभ्यासक फार उशिराचे मानतात, ते याच कारणाने. हे खरे आहे आणि म्हणूनच नुसत्या भाषेवर वय ठरवू नये. पण भाषेची नक्कल करणारा अज्ञानाची नक्कल सहसा करू शकत नाही. यहूदाला वगळण्याची युक्ती त्याला सुचत नाही. विस्मरणात गेलेल्या मेरोजला शाप देणे त्याला सुचत नाही. दहा जणांत न गाजलेले सुरजी काटके आणि विसाजी मुरुंबक घालणे त्याला सुचत नाही. जुन्याची हुबेहूब नक्कल करणारा माणूस आपल्याला माहीत असलेले जुने जास्तीत जास्त भरतो. त्याच्या रचनेत सगळे ओळखीचे असते.

कळंब्याचा तलाव कोणी, कशासाठी बांधला हे जाणून घ्यायला कवीकडे जावे लागत नाही. १८८० च्या दशकात कोल्हापूर शहराला पाणी मिळावे म्हणून तो झाला आणि त्या काळचे संस्थानाचे कागद आहेत. पण कळंब्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवरचा पन्हाळा ६ मार्च १६७३ ला स्वराज्यात परत कसा आला, ते विचारले की शकावलीत फार तर तारीख हाती लागते. बाकी सगळे जयरामाकडे आहे. त्याच्या काव्याचे हस्तलिखित तंजावरला मिळाले आणि स. म. दिवेकरांनी ते १९२३ मध्ये छापले नसते, तर कोंडाजी फर्जंदाची ती रात्र आपल्याला इतक्या जवळून कळली नसती. अण्णाजी दत्तोंनी आखणी केली, कोंडाजी निवडक साठ माणसे घेऊन अंधारात कडा चढला, वर पोचल्यावर कर्णे फुंकून गडावर एकच गोंधळ उडवून दिला आणि किल्लेदार मारला गेला.

हे खरे मानावे का? संशय घ्यायला जागा आहे. थोडी माणसे, मध्यरात्र, अचानक वाद्यांचा आवाज आणि घाबरलेला मोठा शत्रू, ही गोष्ट जगात इतरत्रही सांगितली गेली आहे. त्याच ‘शास्ते’ पुस्तकात, दबोरेनंतर दोनच अध्यायांनी, गिदोन तीनशे माणसे घेऊन रात्री मिद्यानी छावणीभोवती शिंगे फुंकतो आणि छावणी उधळते. तिथे तीनशे आहेत. सभासदाच्या सिंहगडावर तानाजीबरोबर तीनशे आहेत. याच पन्हाळ्यावरून निसटताना खिंड लढवणाऱ्या बाजीप्रभूंबरोबरही लोक तीनशेच सांगतात. तीनशे हा शौर्याचा ठरलेला आकडा आहे. कोणत्याही देशातल्या कथेकऱ्याच्या तोंडी तो सहज येतो, आणि जिथे तो येतो तिथे मी मोजणीवर विसंबत नाही. जयरामाला उपमा ठाऊक होत्या, अलंकार ठाऊक होते, बारा भाषांत कविता करण्याची हौस होती. वीरकथेला साजेसा मोठा आकडा घालणे त्याला काहीच जड नव्हते. त्याने साठ सांगितले. साठ कशाशीच जुळत नाही, त्यात काही गाजत नाही, तो कोणत्या परंपरेतून आलेला दिसत नाही. तो पन्हाळ्याच्या कड्यावर त्या रात्री गेलेल्या माणसांचाच आकडा असावा, असे मी मानतो. उलट पुरावा पुढे येईपर्यंत पन्हाळ्याबद्दल लिहिताना मी साठच लिहीन.